मापाची वही

फोंड्यात, वरच्या बाजारात,
गांवकरांच्या औषधालयाला लागून माझं दुकान.
पाटीवर नुसतं ‘शिवणकाम’.
एका बाजूचा खिसा मी आतून शिवते,
त्यात कापूस, वजनाला थोडी मोहरी,
म्हणजे चालताना बाईचा खांदा कलत नाही.

मापं येतात ईमेलनं.
फोनवर बोलायचं तर घरात माणसं असतात.
साखळीहून एकीनं लिहिलं:
‘उजवी. मार्चमध्ये काढली. टाके सुकलेत.
ह्यांना अजून दाखवलं नाही.’
खाली छत्तीस, एकतीस, आणि तिसऱ्या आकड्याच्या जागी
एक रेघ.

ती रेघ मी वाचली अकराच्या पेजेला.
चारच्या चहाला माझ्याच फोनवर
एक हसरी बाई केसांचे टोप विकत होती,
तिच्याखाली विमा, विम्याखाली नवस.
योगायोग असेल. असेलही.
सुई बोटात गेली की मी सुईला विचारत नाही
मुद्दाम गेलीस का म्हणून.
अंगुस्तान घालते.

मेस्त कायतानकडे मी शिकले, चौदाव्या वर्षी.
त्याच्या वहीत नाव नसायचंच कुणाचं.
पानाला टाचणीनं त्या कापडाची चिंधी, शेजारी आकडे.
भाटकारीण असो की इगर्जीमागची विधवा,
वही पडली कुणाच्या हाती, तर त्याला दिसणार चिंध्या.
बाई वारली की तो तिचं पान फाडायचा,
इस्त्रीच्या निखाऱ्यांत टाकायचा
आणि क्षणभर टोपी काढायचा.

मग ग्लॅन्सीला बसवलं स्टुलावर.
मैत्रिणीची मुलगी, पणजीला संगणकाचं काहीतरी करते.
म्हटलं, फुकटची पेटी नको. फुकट शिवणारा शिंपी
उरलेलं कापड ठेवून घेतो.
ती एकेक दाखवत गेली.
एकीच्या अटींचीच बारा पानं,
आणि जिथंतिथं ‘आमचे भागीदार’.
कोण गं हे? मापाच्या पडद्याआड
किती जण उभे आहेत?
दुसरी दिसायला छान. रंगाला मी भुलत नाही.
मी एकच विचारत राहिले:
पान फाडलं तर फाटतं का?
ग्लॅन्सी हसली, मग हसायची थांबली,
शटर अर्धं ओढून आठ वाजेपर्यंत वाचत बसली.

जी घेतली तिला महिन्याला पैसे पडतात,
इलॅस्टिकच्या दोन रिळांएवढे.
किल्ली माझ्यापाशीच. विसरले तर
त्यांनाही उघडता येणार नाही, असं त्यांनीच लिहिलंय,
आणि ते वाचून मला बरं वाटलं.
किल्ली म्हणजे सहा शब्द. बटणांच्या डब्यात आहेत.
कुठल्या डब्यात, ते सांगणार नाही.

पण बाय, दारं दोन असतात, ग्लॅन्सी म्हणाली.
तुझं लागलं. तिचं उघडंच.
तिनं लिहिलेल्याची प्रत तिच्या फुकटच्या पेटीत आहेच ना?

रात्रभर त्या दुसऱ्या दारात वारा.
सकाळी चिंध्या कापायला घेतल्या.
प्रत्येकीला एकेक पाठवली, पोस्टानं, साध्या पाकिटात:
ही तू. ह्यापुढे नाव नको, बाजू नको,
काढली बिढली तर मुळीच नको.
चिंधीचा रंग लिही, आकडे लिही.
बाकी मला कळतं.

एक रागावली. माझं नाव
आता तुलाही नको का?
ह्याचं उत्तर नव्हतं माझ्याकडे.
तिला दुकानात बोलावलं, नाव घेऊन.

जुनी पेटी मी पुसली. पुसली म्हणतात, म्हणून पुसली.
धूर काही दिसला नाही.

नव्या पेटीत परवा पहिलं पत्र:
‘निळी बुट्टी. छत्तीस, एकतीस.
रेघ होती तशीच.
लेस लावलेली चालेल का?’

चालेल, मी लिहिलं.
पांढरी की तांबडी?